एक रुपयाची गाडी

रविवारी सकाळी बाजाराला निघालेली दहिवलीतली ओळखीची माणसे आमच्या फाटकापाशी थबकतात आणि शेडमध्ये गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या दोन पायांना उद्देशून तीनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला, ‘‘पुन्हा उघडलीत का?’’ दुसरा, ‘‘आतापर्यंत केवढ्याला पडली?’’ तिसरा जरा आवाज उतरवून येतो, ‘‘एक गिऱ्हाईक आहे, काढायची का?’’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आता मला पाठ आहेत. परंतु मध्यंतरी पुण्याहून आलेल्या भाच्याने चौथाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला पटकन देता येईना. तो म्हणाला, ‘‘मामा, हिला पन्नास वर्षं उलटून गेली. व्हिंटेजमध्ये का नाही टाकत? मग नुसती पुसून ठेवायची, वर्षातून एकदा रॅलीत न्यायची. डोक्याला ताप नाही.’’

भाचा चुकीचे काही सांगत नव्हता. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये तसे नियमच केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांचे प्रमाणपत्र आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही दोन अक्षरे. ज्यांची गाडी आधीच नोंदलेली आहे त्यांना जुना क्रमांकही राखता येतो. मात्र एक अट आहे. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. म्हणजे गाडी मानाच्या पाटावर बसणार, पण मला तिच्यातून कडावला भाजी आणायला जाता येणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न एका गाडीचा नव्हता. जुनी वस्तू राखायची म्हणजे नेमके काय करायचे, ती जपायची की वापरायची, हा तो प्रश्न होता. आणि ज्या घरात आजीचे जाते, आजोबांचे घड्याळ किंवा वडिलांची सायकल आहे, त्या प्रत्येक घराला तो कधी ना कधी पडतो.

आमची गाडी म्हणजे १९७० सालची फियाट ११०० डी. फिकट निळी. ‘आमची’ म्हणायला मी अलीकडे शिकलो. खालापूर तालुक्यातली जुनी माणसे तिला अजूनही ‘डॉक्टरांची फियाट’ म्हणतात. तिच्या पहिल्या कागदावर जिल्ह्याचे नाव कुलाबा आहे, कारण रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले. ऐंशीच्या दशकात मी खोपोलीजवळच्या एका शाखेत नव्यानेच रुजू झालो, तेव्हा हे डॉक्टर आमचे खातेदार होते. पावसाळ्यात सावरोली, वावोशी, चौक अशा गावांना आणि डोंगराखालच्या वाड्यांना ते याच गाडीतून जात. जिथे रस्ता संपे तिथे गाडी उभी करून पुढे चालत. कार्तिकात साजगावच्या यात्रेला सगळे कुटुंब गाडीत कोंबून नेत आणि परत येताना डिकीत वर्षभराचे सुके बोंबील असत. त्या डिकीला आजही, नवा रंग लावूनसुद्धा, ऊन तापले की यात्रेचा वास येतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

ही गाडी कुर्ल्यात तयार झाली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. सुरुवातीच्या अकराशेला मुंबईकरांनी तिच्या गोलमटोल आकारावरून ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ पासून आली ती आमची चौकोनी बांध्याची ११०० डी. इटलीशी असलेला करार संपल्यावर हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोचली. आम्हा घाटाखालच्या लोकांना यात आणखी एक गोष्ट सांगायला आवडते. ज्या वालचंदांनी ही गाडी आपल्याकडे आणली, त्यांच्याच कंपनीने एकेकाळी बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले होते. म्हणजे कर्जतहून घाट चढायचे दोन्ही मार्ग, रुळांचा आणि चाकांचा, या गृहस्थाच्या हाताखालून गेलेले आहेत.

आता इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या गाडीवर प्रेम करणारा माणूस जुन्या काळावर प्रेम करतो असे लोकांना वाटते. मी बँकेत उभी नोकरी केली आहे. तो काळ मला चांगला आठवतो. गाडीसाठी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. निवड दोन-तीन गाड्यांतच करायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला तो उगीच नव्हे. टंचाईचा तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. आजच्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, धूर कमी सोडतात आणि पावसात सकाळी एका किल्लीत सुरू होतात. माझ्या फियाटला यातले काहीही येत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. त्या दिवशी मलाही वाईट वाटले, पण निर्णय योग्यच होता. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या हजारो जुन्या गाड्या कुठल्याच शहराला परवडणार नाहीत.

मग मी ही एक गाडी का धरून बसलो आहे? त्यासाठी ती माझ्याकडे कशी आली ते सांगितले पाहिजे.

डॉक्टर गेले आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली. त्याआधी २००५ च्या जुलैतल्या महापुराचे पाणी तिच्या सीटपर्यंत चढून गेले होते. मी निवृत्त झालो त्या वर्षी काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, मला निरोप धाडला. मुले परदेशात, अंगण विकायचे होते आणि भंगारवाला वजनाचा भाव सांगून गेला होता. काकू म्हणाल्या, ‘‘तू तिचा हिशेब ठेवशील म्हणून तुला बोलावलं. पैसे नकोत मला. पण एक सांगते, नुसती पुसून ठेवू नकोस. ती चालली पाहिजे.’’ हो म्हणायला मला अर्धे मिनिट लागले. ते अर्धे मिनिट निभावायला चार वर्षे लागली.

पहिली चूक मी केली ती पैशाने काम उरकायची. मुंबईच्या वाटेवरच्या एका गॅरेजने ‘नव्यासारखी करून देतो’ म्हणून ऐंशी हजार रुपये आगाऊ घेतले. चौदा महिन्यांनी गाडी आली ती आरशासारखी चकचकीत. गल्ली बघायला लोटली. पेढे वाटले. पुढचा पावसाळा संपता संपता दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. खोपोलीहून एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काही न बोलता खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि गाडीच्या अंगावरून फिरवत नेले. वर ते चिकटत होते. खाली, जिथे फोड होते तिथे, घसरून पडत होते. तिथे पत्राच नव्हता. गंजलेल्या भोकांत लांबी भरून वरून रंग मारला होता. मग त्यांनी आतला गालिचा उचलला, डिसमिस टेकवला आणि हलकेच दाबला. डिसमिस आरपार गेला आणि त्या भोकातून मला माझ्याच शेडची फरशी दिसली.

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी आता हे एकच हत्यार सांगतो, आठ आण्यांचे लोहचुंबक. कारण फियाटसारख्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी गंजली तर केवळ शोभा जात नाही, कणाच वाकतो. तिथे लांबी भरणे म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणे.

मिस्त्रींना आम्ही नुसते मिस्त्रीच म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढे. चौदाव्या वर्षी कुर्ल्याच्या एका गॅरेजात पान्हे पुसायला लागले आणि फियाटवरच म्हातारे झाले. त्यांनी अट घातली, ‘‘साहेब, मी दर रविवारी येईन. पण हात तुम्ही घालायचा. मी सांगीन.’’ मला वाटले, वयामुळे म्हणत असतील. नंतर कळले की तसे नव्हते.

पहिले सहा महिने आम्ही गाडी फक्त उलगडली. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, प्रत्येक नट-बोल्टची जोडी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात, खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीचा क्रमांक वहीत. जन्मभर वाउचरे सांभाळली त्याचा उपयोग इथे झाला. आमच्या घरात त्या काळात फ्रीजच्या वर, कपाटाखाली, देवघराच्या बाजूला पेढ्यांची खोकी होती आणि त्यांतल्या कुठल्याच खोक्यात पेढे नव्हते. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात. तुम्ही गाडीखाली साष्टांग घालता.’’ पण खोक्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात आहेत, कारण माझे अक्षर मिस्त्रींना लागत नव्हते.

इंजिन जाम झाले होते. मला वाटले, आता ते खोलून कुर्ल्याला न्यावे लागणार. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि सांगितले, ‘‘आता आठ दिवस तिला विसरा.’’ पुढच्या रविवारी पान्ह्याने हळूहळू हेलकावे दिले आणि १०८९ सीसीचे ते इंजिन तसूभर हलले. जोर केला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. कार्ब्युरेटर धुताना मी जेटमध्ये बारीक तार घालायला गेलो, तर हातावर चापटी बसली. जेटचे भोक ठरावीक मापाचे असते. तारेने ते रुंदावले की गाडी पेट्रोल पिऊ लागते. ते फुंकून किंवा हवा मारूनच साफ करायचे. पॉइंटमधले अंतर मी गेजने मोजतो, ०.४ मिलिमीटर. मिस्त्री लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बघतात. दोघांचे माप जुळते. फक्त त्यांना अर्धा मिनिट लागतो आणि मला पंधरा.

खरा शत्रू मात्र आमच्याकडचा पाऊस. कर्जत-खालापुरात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पडतो आणि चार महिने हवेतच पाणी असते. उघड्या पत्र्यावर जुलैत सकाळी पॉलिश पेपर मारला तर संध्याकाळपर्यंत तांबूस झाक येते. म्हणून वेल्डिंग आणि रंग हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच करायचे, हे आम्ही एक पावसाळा वाया घालवून शिकलो. गाडीवर प्लास्टिकचा कागद कधीही टाकू नये. वरचे पाणी अडते, पण खालून चढलेली वाफ आतच कोंडते. त्यापेक्षा चारही बाजूंनी वारा खेळेल असे छप्पर बरे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती मातीने बुजतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. दर गणपतीत आम्ही ती काडीने मोकळी करतो. एका दारातून पहिल्यांदा काडी फिरवली तेव्हा वाटीभर चिखल निघाला. तो बहुधा त्या महापुराचाच असावा.

अलीकडे पेट्रोलही बदलले आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. देशाच्या दृष्टीने त्याचे फायदे असतील. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. जुन्या पेट्रोल पाइपा फुगून चिरल्या तर गरम इंजिनावर पेट्रोल गळू शकते. म्हणून आम्ही सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घातला. टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवायची नाही. थोडे भरायचे आणि वापरून टाकायचे. जुन्या गाडीचा उत्तम रखवालदार म्हणजे तिचा वापर, हे मला या कामात जागोजागी दिसले. उभ्या गाडीचे ब्रेकचे रबर कडक होते, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटा होतो, उंदीर वायरी कुरतडतात. नुसते इंजिन पाच मिनिटे सुरू करून बंद करण्यानेही भागत नाही. उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि तो आतून गंजतो. इंजिन पुरते तापेल इतकी, दहा-बारा किलोमीटर तरी, गाडी चालली पाहिजे.

इथे मला माझा एक गुन्हाही कबूल केला पाहिजे. २०२३ च्या हिवाळ्यात गाडी जुळली. ब्रेकचे काम मी केले होते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. नवे रबर घातल्यावर पाइपांतली हवा पूर्ण काढावी लागते. पॅडल जरा मऊ लागते आहे, पुन्हा एकदा हवा काढा, असे मिस्त्री शनिवारी सांगून गेले. मला धीर नव्हता. रविवारी पहाटे मी एकटाच पळसदरीच्या बाजूला निघालो. उतारावर एक पोरगा शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला जाऊन टेकले. हँडब्रेक ओढला, गाडी कुडाच्या कुंपणात घातली. पोरगा वाचला, शेळ्या वाचल्या, गाडीचा नवा बंपर वाकला. तो पोरगा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटले म्हातारा गाडी शिकतो आहे. मी मात्र अर्धा तास तिथेच बसून होतो. चार वर्षांच्या कष्टांचा अभिमान एका क्षणात उतरला. घरी येऊन तीन रविवार फक्त ब्रेक केले.

म्हणून जुन्या गाड्यांच्या कायद्याबद्दल बोलताना मी सरसकट तक्रार करणार नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून सहाशेऐवजी पाच हजार रुपयांना पडू लागले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी तेच शुल्क दहा हजार झाले. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावरच्या माणसाला ही रक्कम जड आहे, तरी ती मी भरीन. कारण रस्ता माझ्या एकट्याचा नाही, त्या शेळ्यांच्या पोराचाही आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. माझ्या गाडीची परीक्षा घ्या, कडक घ्या, दरवर्षी घ्या. ब्रेक बघा, धूर मोजा, पत्र्याला चुंबक लावा. पण तिचे मोल नुसत्या जन्मतारखेवरून ठरवू नका. लांबी भरलेली आठ वर्षांची गाडी धोक्याची असू शकते आणि नीट राखलेली पंचावन्न वर्षांची गाडी निर्धोक असू शकते. वय हा दोष नव्हे. हयगय हा दोष आहे.

आणि आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. ‘व्हिंटेज’ची नोंदणी ही चांगली सोय आहे. ज्यांच्याकडे संस्थानिकांच्या काळातल्या, पुन्हा न मिळणाऱ्या गाड्या आहेत, त्यांनी ती जरूर घ्यावी. त्या गाड्या वाहतुकीत घालणेच चूक. पण माझी फियाट राजाची नव्हती. ती एका तालुक्याच्या डॉक्टरांची होती. तिचा मान तिच्या दुर्मिळपणात नाही, कामात आहे. ती काचेच्या कपाटात ठेवली तर पत्रा टिकेल. पण जे ज्ञान तिला चालती ठेवते, ते मरेल. आणि खरी दुर्मिळ गोष्ट ते ज्ञान आहे. डिझेल ओतून आठ दिवस वाट पाहणे, लग्नपत्रिकेने अंतर मोजणे, आवाज ऐकून कुठला टॅपेट ढिला ते सांगणे, हे कुठल्या पुस्तकात वाचून हाताला येत नाही. गाडी चालते, म्हणून बिघडते. बिघडते, म्हणून कोणाला तरी ती दुरुस्त करावी लागते. आणि दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एखादे पोर उभे असते. ही साखळी शोभेच्या गाडीत तुटते. मिस्त्रींनी ‘हात तुम्ही घालायचा’ असे का सांगितले ते मला इतक्या उशिरा कळले. त्यांना गिऱ्हाईक नको होते, शिष्य हवा होता. साठीचा का होईना, त्यांना मी सापडलो.

सुदैवाने साठीच्या शिष्यावरच सगळे संपत नाही. मिस्त्रींचा नातू एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. तिथे गाडीला लॅपटॉप जोडतात आणि दोष पडद्यावर उमटतो. तो फियाटला हसायचा. एका रविवारी दिवे मिणमिणत होते आणि मिस्त्रींना, मोतिबिंदूमुळे, वायर दिसेना. नातवाने मल्टिमीटर काढला, दहा मिनिटांत शोधले की बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर रंगावरच बसवली आहे. रंग खरवडला, दिवे लख्ख. आजोबांनी त्याच्याकडे असे पाहिले की मी मुद्दाम चहा आणायला आत गेलो. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा येतो. कार्ब्युरेटर त्याने याआधी कधी हातात घेतला नव्हता. आता त्याला तो खोलता येतो. आपल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात अशी एखादी चालती जुनी गाडी ठेवली, तर मुलांना इंजिन पडद्याशिवाय डोळ्यांनी दिसेल, असे मला वाटते. माझी फियाट त्या कामासाठी मी कधीही न्यायला तयार आहे, अर्थात चालवत.

बँकेत घसाऱ्याचा एक नियम होता. टेबल, पंखा, तिजोरी, जीप, सगळ्यांची किंमत दरवर्षी कमी करत आणायची. शेवटी ती शून्यावर येते. पण वस्तू वापरात असेल तर ती वहीतून काढायची नाही, एक रुपया किंमत लावून ठेवायची. त्या एक रुपयाचा अर्थ तरुणपणी मला कळला नव्हता. मी त्याला कारकुनी हट्ट समजत होतो. आता वाटते, ती नोंद करणाराला ठाऊक असावे की हिशेबात संपलेली वस्तू कामात संपलेली नसते. माझ्या घरच्या वहीत फियाटवर झालेला खर्च शेवटच्या पैशापर्यंत आहे; दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असलेल्याने येऊन वाचावे. मात्र किमतीच्या रकान्यात मी एक रुपया लिहिला आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेच.

गेल्या हिवाळ्यात काकूंना घेऊन आम्ही जुन्या रस्त्याने घाटात गेलो. पूर्वी या घाटात फियाट तापायच्या आणि पेट्रोलची वाफ होऊन बंद पडायच्या. लोक पंपावर ओले फडके टाकून शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबत. एक्स्प्रेस-वेवरून जाणाऱ्या आजच्या पिढीला हा थांबा माहीत नाही. आम्हीही थांबलो. गाडी तापलेली नव्हती, पण मिस्त्रींनी सवयीने बोनेट उघडले, फडके भिजवले आणि पंपावर टाकले. काकू मागच्या सीटवर बसून होत्या. नव्वदीच्या घरातल्या त्या बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, दारावर दोनदा थाप मारली आणि विचारले, ‘‘अरे, हॉर्न पहिलाच आहे ना?’’

हॉर्न मी नवा बसवला होता. जुना मला चोरबाजारातही मिळाला नाही. मी खरे सांगितले. काकू म्हणाल्या, ‘‘मग शोध. घाई नाही.’’

म्हणजे पुढच्या रविवारीही गाडी उघडणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.